साडेसहा किलोचा कटला आणि दोन सुतळ्या

जूनमध्ये शाळा भरली की आपण सगळेच मुलांना ‘मी सुट्टीत काय केले’ हा निबंध देतो. मुलंही ठरलेलं लिहितात. मामाचा गाव, आंबे, लग्न, संपलं. या वर्षी मी आधी माझा स्वतःचा निबंध लिहिला आणि पाचवीच्या वर्गात वाचून दाखवला. शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तोच निबंध इथे थोडा वाढवून देतोय. कारण त्यातून पुढे गणिताचे दोन तास आणि परिसर अभ्यासाचा एक तास निघाला.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही डी.एड.चे पाच मित्र भंडारदऱ्याला गेलो होतो. मासे धरायला. आमच्यातल्या एकाला मोठ्या माशाचं वेडच आहे. चांगला महागाचा रॉड, रील, डबाभर गळ. मुळा धरणावर तो तीन वर्षं बसतोय, पण हाती चिलापीशिवाय काही नाही. त्याचं एकच म्हणणं, “दोन्ही हातांत मावणार नाही असा मासा आणि एक फोटो. बास.” त्या फोटोसाठी आम्ही सगळे निघालो.

भंडारदरा आपल्या जिल्ह्याच्या अगदी वायव्य टोकाला, अकोले तालुक्यात. एका बाजूला कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. दुसऱ्या बाजूला रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. ही नदी अडवून 1910 ते 1926 या काळात विल्सन धरण बांधलं. साठा साधारण 11 टीएमसी. आमच्या पट्ट्यातला ऊस ज्या कालव्यावर उभा आहे त्याचं पाणी इथून येतं. मुलांना कालवा रोज दिसतो, पण धरण बहुतेकांनी पाहिलेलं नाही. म्हणून मी नकाशावर बोट ठेवून रतनगडापासून प्रवरासंगमापर्यंतची वाट दाखवली. निम्मा तास तिथेच गेला, पण तो वाया गेला नाही.

शेंडी गाव सोडून जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीच्या बाजूला गेलं की वस्ती विरळ होते. आम्ही एका कुटुंबाच्या शेतात तंबूत राहिलो. मोबाईलला रेंज नाही. जेवण त्यांच्याच घरी, तांदळाची भाकरी आणि ठेचा. घरचे दादा मच्छीमार संस्थेचे सभासद. धरणातल्या मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, त्यामुळे गळ टाकायच्या आधी आम्ही संस्थेच्या लोकांना विचारलं. हे मुलांना मुद्दाम सांगितलं. पाणी सगळ्यांचं दिसतं, पण कुणाचं तरी पोट त्याच्यावर चालतं.

पहिला दिवस पूर्ण कोरडा गेला. मे महिन्यात पाणी खूप खाली जातं, काठाला भेगाळलेला गाळ. आमचा मित्र पाण्यात लांब गळ फेकत होता. दादांचा मुलगा, सहावीत जाणारा, शेजारी वेळूची काठी घेऊन बसला होता. त्याने दुपारपर्यंत सात-आठ लहान मासे काढले. आम्ही विचारलं, तुला कसं कळतं? तो म्हणाला, “बुडबुडं बघायचं. आन् सावली पाण्यावर पडू द्यायची नाय.” आम्ही पाचही जण, पाच गुरुजी, उन्हात उभे, आमच्या लांबच लांब सावल्या पाण्यावर! त्या पोराने आम्हाला खाली बसवलं.

संध्याकाळी जेवताना दादांचे वडील जुन्या गोष्टी सांगत बसले. पूर्वी नदीत खडशी मिळायची, मोठ्या खवल्यांची, ओढ इतकी की माणूस पाण्यात जाईल. खडशी म्हणजे महासीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा या माशाला त्याने इथल्याच बोलीतलं नाव दिलं. आजही त्याचं शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’ असंच आहे. आपल्या आजोबांच्या तोंडातला शब्द जगभरच्या पुस्तकांत गेला, हे ऐकून वर्गातली मुलं एकदम सावरून बसली.

या महासीरमागे इंग्रज साहेब वेडे होते. हेन्री थॉमस नावाच्या अधिकाऱ्याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर 1873 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. 1946 मध्ये म्हैसूर भागात काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा महासीर गळाने काढला. पाचवीतल्या दोन मुलांएवढं वजन! तो विक्रम अजून सांगितला जातो. पण कावेरी खोऱ्यातला तो कुबडाचा महासीर 2018 पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. विक्रम टिकला, मासा मात्र संपत आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी आमच्या मित्राचं आमिष बदललं. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून गोळा केला. जागाही बदलली, जिथे ओढा जलाशयाला मिळतो त्याच्या थोडं अलीकडे. साडेसातच्या सुमारास रीलचा आवाज झाला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणी बोललं नाही. मासा ओढायचा, मित्र दोर सोडायचा. मासा थांबायचा, मित्र गुंडाळायचा. शेवटी काठाच्या उथळ पाण्यात तो आडवा झाला. कटला. मोठं डोकं, रुंद पाठ, पोट चांगलं फुगलेलं.

मित्राने ओरडून हात वर केले. आम्ही मोबाईल काढले. तेवढ्यात दादांची आई काठावर आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “पोटात अंडी हायेत तिच्या. सोडा तिला.”

इथे खरा वाद सुरू झाला. मित्र म्हणाला, “आजी, तीन वर्षं थांबलोय. आणि हे मासे काय इथले आहेत? सरकारी बोटुकली सोडून वाढवलेत.” त्याचं चुकीचं नव्हतं. कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. आपल्या धरणांत त्यांचं बीज सोडतात. आमच्यातला दुसरा म्हणाला, “एका माशाने काय फरक पडतो? बाजारात गाभोळीसकट रोज विकतातच की.”

दादांनी ते नाकारलं नाही. ते म्हणाले, “सर, आमच्या जाळ्यात सकाळी मेलेली निघते, तिच्या पोटात बी अंडी असत्यात. ती आम्ही इकतो. मेलेली सोडून काय करायचं? पण ही जिती हाय, तुमच्या हातात हाय. पंधरा दिवसांवर पाऊस आलाय.”

हे कटला, रोहू साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदी-ओढ्याला लोंढा आला की त्या वाहत्या पाण्यात वर चढतात आणि अंडी टाकतात. म्हणूनच ती मे महिन्याच्या शेवटी ओढ्याच्या तोंडाशी आली होती. कटल्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण लाख-दोन लाख अंडी असतात. त्यातली बहुतेक वाया जातात, इतर मासे खातात. उरलेल्यांचं आधी मत्स्यजिरे होतं, जिऱ्याएवढं बारीक, मग बोटाएवढी बोटुकली. किती सुरेख शब्द आहेत हे! मुलांना एकदाच सांगितले, लगेच पाठ झाले.

मित्र दोन मिनिटं गप्प राहिला. मासा पाण्यातच होता, दादांनी ओल्या हातांनी धरलेला. कोरड्या हातांनी धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतो, हे त्यांनीच सांगितलं. मग मित्र म्हणाला, “वजन तरी करू दे.” वजनकाटा होता, पण गळ्यात काटा अडकवून एवढी जड, भरल्या पोटाची मादी उचलायला दादा तयार नव्हते. तेव्हा आमच्या गणितवाल्या सरांनी खिशातून सुतळी काढली. एक सुतळी तोंडापासून शेपटीपर्यंत लावली, दुसरी पोटाच्या घेराभोवती. दोन्ही कापल्या. मग दादांनी मासा पाण्यात सरळ धरून ठेवला. कल्ले नीट हलू लागले, शेपटीने एक जोराचा फटका दिला आणि गेली.

मित्राच्या मोबाईलमध्ये फोटो आहे, पण त्यात दादांचे हात, गढूळ पाणी आणि माशाची अर्धी पाठ एवढंच. तो त्या दिवशी नीट जेवला नाही. परतताना गाडीत म्हणाला, “घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.” मी त्याच्याकडून दोन्ही सुतळ्या मागून घेतल्या.

वर्गात काय केलं ते आता सांगतो.

गळ टाकणारे लोक न तोलता वजन काढायला एक अंदाजाचं सूत्र वापरतात. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले 29,000. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. मुलांनी सुतळ्या मोजल्या: लांबी 70, घेर 52. फळ्यावर गुणाकार केला, 1,89,280. भागाकार मी मदत करून पूर्ण करून घेतला. उत्तर साधारण साडेसहा किलो. मग अंडी काढली: कमीत कमी साडेसहा लाख, जास्तीत जास्त तेरा लाख. ‘लाख’ ही संख्या आमच्या मुलांनी पहिल्यांदा आवडीने लिहिली. पुढे प्रत्येकाने घरून एक वस्तू निवडली, भोपळा, कलिंगड, पाण्याची कळशी. त्यांना हे सूत्र लागू पडतं का ते पाहिलं. कलिंगडाला जरा जवळपास आलं, कळशीला अजिबात नाही. सूत्र माशाच्या आकारासाठी आहे, हे मुलांनीच शोधलं.

परिसर अभ्यासाच्या तासाला प्रश्न ठेवला: मासा सोडला ते बरोबर की चूक? वर्ग दोन भागांत वाटला गेला. एक मुलगी म्हणाली, “दादांचं पोट माशावर आहे, तरी ते सोडा म्हणाले. सरांच्या मित्राचं पोट पगारावर आहे, तरी त्यांना हवा होता.” मी यावर काही बोललो नाही. मी फक्त 2023 मध्ये आपल्या राज्याने पापलेटला राज्यमासा का केलं, लहान पापलेट पकडल्याने ते कसे घटले, तेवढं सांगितलं. एका मुलाने घरच्या काचेच्या टाकीतले मासे कालव्यात सोडायची तयारी दाखवली. त्याला थांबवलं. कावेरीत बाहेरून आणून सोडलेल्या महासीरमुळे, तीही लोणावळ्याकडून गेलेली आपलीच खडशी, तिथला मूळचा कुबडाचा महासीर मागे पडला, असं अभ्यासक सांगतात. कुठलाही मासा कुठल्याही पाण्यात सोडणं म्हणजे पुण्य नव्हे.

पालकांना एक विनंती. हा पाठ ऐकून मुलं पाण्याकडे ओढली जातील. कालवा, शेततळं, धरण, कुठेही मुलांना एकटं पाठवू नका. सोबत जा. आणि आपल्या वर्गात मासेमारी करणाऱ्या घरातलं मूल असेल, तर शिक्षकांनी त्याला एक तास द्यावा. पहिल्या पावसात ते दोन दिवस गैरहजर राहतं, हजेरीपटावर त्याच्या नावापुढे खाडा लागतो. पण बुडबुडे वाचणं, सावली आवरणं, ओढ्याच्या तोंडाशी मासा केव्हा येतो ते ओळखणं हे त्याला येतं, मला नाही. आमच्या वर्गात असा एक मुलगा आहे. वाचनात मागे, एरवी गप्प. सुतळीच्या तासाला तो उठून म्हणाला, “सर, मादी होती हे आजीला कसं कळलं ते मी सांगू?” आणि खडू घेऊन फळ्यावर त्याने माशाचं पोट काढायला सुरुवात केली.