भीमेचे पाणी आणि समुद्रातील रेडियम

पुणे–अहिल्यानगर मार्गावर कोरेगाव भीमाजवळ भीमेवरील पूल लागतो, आणि पावसाळ्यात तेथून दिसणारे पाणी गढूळ, गाळाने जड झालेले असते. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून, तुळापूरला भामा व इंद्रायणी यांना सामावून घेऊन आलेली ही नदी येथवर प्रामुख्याने दख्खनच्या काळ्या कातळावरून, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेल्या बेसाल्टवरून वाहते. आणि तिच्या पाण्याचा समुद्रापर्यंत माग काढू पाहणाऱ्या प्रवाशाची पहिली अडचण हा कातळच ठरतो. युरेनियम आणि थोरियम ही किरणोत्सारी, म्हणजे आपोआप विघटन पावून अन्य मूलद्रव्यांत रूपांतरित होणारी मूलद्रव्ये, ग्रॅनाइटच्या मानाने बेसाल्टमध्ये फार थोडी असतात, आणि समुद्रात ज्याच्या आधारे माग लागतो ते रेडियम त्यांच्याच विघटनातून जन्मते.

पुढे मुळा-मुठा येऊन मिळते, दौंड मागे पडते आणि उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात प्रवाह मंदावून गाळ तळाशी बसू लागतो. गोड्या पाण्यात रेडियम बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून प्रवास करते. त्यामुळे धरणाच्या भिंतीमागे साठलेल्या गाळाबरोबर या तपासाचा पुरावाही अडून राहतो. पंढरपूर ओलांडून नदी कर्नाटकात शिरल्यावर मात्र भूमीच पालटते. बेसाल्ट संपतो आणि ज्याची फरशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत अंथरलेली आहे तो शहाबादचा चुनखडक सुरू होतो. याच खडकांच्या पट्ट्यात, यादगीर जिल्ह्यातील गोगी येथे, युरेनियमचा साठा आढळला आहे. रायचूरजवळ भीमा कृष्णेस मिळते आणि पुढील वाट काही अंतर जुन्या ग्रॅनाइटी खडकांतून जाते.

श्रीशैलम व नागार्जुनसागर ही धरणे आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा पार करून हंसलादीवीच्या परिसरात कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते, आणि तेथे या प्रवासातील सर्वांत विलक्षण घटना घडते: खाऱ्या पाण्यातील क्षारांचे आयन मातीच्या कणांवरील रेडियमची जागा घेतात आणि सुटलेले रेडियम पाण्यात विरघळते. त्याचे चार समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वस्तुमानाचे प्रकार, या कामी येतात. अर्धे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, अर्थात अर्धायुष्य, रेडियम-२२४ चे सुमारे ३.७ दिवस, रेडियम-२२३ चे ११.४ दिवस, रेडियम-२२८ चे ५.७५ वर्षे आणि रेडियम-२२६ चे १६०० वर्षे आहे. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या पाण्यात पहिल्या दोहोंचे गुणोत्तर साधारण साडेपाच दिवसांत निम्म्यावर येते, म्हणून त्यावरून पाण्याने किनारा सोडून किती दिवस झाले हे काढता येते.

मोजणीची रीत चिकाटीची आहे. शेकडो लिटर पाणी मँगनीज डायऑक्साइडने काळ्या पडलेल्या ॲक्रिलिक तंतूंच्या गुच्छातून संथपणे सोडले जाते. रेडियम तंतूंवर अडकते, आणि त्यातून निघणारा रेडॉन वायू हेलियमच्या झोतासह झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या कक्षात नेऊन तेथील प्रकाशाचे क्षणिक ठिपके मोजले जातात. रेडियम-२२४ झपाट्याने घटत असल्यामुळे पहिली मोजणी दोन-तीन दिवसांतच उरकावी लागते.

या साधनाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. रेडियमवर भीमेचे नाव कोरलेले नसते. त्रिभुज प्रदेशातील गाळ आणि किनाऱ्याखालून झिरपणारे भूजलही ते पुरवतात. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी नदीला पाणी कमी असतानाही रेडियम भरपूर आढळले, आणि संशोधक विलर्ड मूर यांनी १९९७ मध्ये त्यामागे भूजलाचा मोठा वाटा असावा असे प्रतिपादन केले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००२ मध्ये बंगालच्या उपसागराच्या पश्चिम भागातील पृष्ठजलाच्या मिश्रणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो रेडियम-२२८ व २२६ या दीर्घायुषी जोडीच्या बळावर. कृष्णेच्या बाबतीत मात्र, सिंचनासाठी पाणी वरच अडविले जात असल्याने, अवर्षणाच्या वर्षी समुद्रास फारच थोडे पाणी पोहोचते. म्हणून नमुने घेण्यास योग्य काळ तोच, जेव्हा चांगल्या पावसानंतर प्रकाशम बंधाऱ्याचे दरवाजे उघडलेले असतात आणि घाटमाथ्यावरून निघालेले पाणी अखेर खाऱ्या पाण्यात मिसळत असते.