बिदर ते कलबुर्गी: एका 'एच'ची गोष्ट

पूर्वी पाहुणा दारात आला की आपल्याकडे आधी पायांवर पाणी, मग गूळ-पाणी आणि मग खुशाली अशी रीत होती. आता पाहुणा पाणी पितो आणि खिशातून फोन काढत विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय हो?" आम्हा मागच्या पिढीतल्या बायकांना हे थोडे खटकते. पण वाचकहो, गेल्या वर्षी कलबुर्गीला विहीणबाईंच्या घरी तोच प्रश्न मलाच विचारावा लागला. त्या प्रवासाची ही हकीकत.

निमित्त होते पुतणीचे. मुलगी भालकीजवळच्या गावातली, मराठी माध्यमातून दहावी झालेली, पुढे पीयूसी बिदरला. सीईटी झाली, रँक आली, आणि आता 'ऑप्शन एंट्री'. म्हणजे कोणते कॉलेज पहिले, कोणते दुसरे, याची क्रमवार यादी संगणकावर भरायची. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. तिचे म्हणणे, कलबुर्गीचे कॉलेज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पहिल्या क्रमांकावर टाकणार नाही. बोलणे रास्त होते. माझा कपाटात दोन वर्षे पडून असलेला लॅपटॉप पिशवीत घातला आणि आम्ही दोघी निघालो.

बिदरलाच भरून का टाकले नाही, असे कुणी विचारील. एक तर कॉलेज पाहायचे होते. दुसरे म्हणजे आमचे घर जुन्या वस्तीतले. बिदरच्या किल्ल्याला जो तांबडा जांभा दगड, तोच आमच्या भिंतींना, आणि भिंत हातभर जाड. उन्हाळ्यात घर गार राहते, पण वायफायच्या लहरींची वाट अडते. या लहरी आखूड असतात. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर, तर 5 गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्म्याहून कमी. दुसरीचा वेग जास्त, पण जाड भिंत ओलांडताना तीच आधी दमते. त्यामुळे आमच्याकडे राऊटर ओसरीत आणि लॅपटॉप घेतलेला माणूसही ओसरीतच. आत माजघरात नेला की निशाणीच्या रेघा एकेक करून गळतात.

बिदरकरांना यात नवल वाटू नये. नौबादला सुरंग बावी पाहिली आहे ना? बहमनी काळात जमिनीच्या पोटातून बोगदा खणून पाणी वस्तीपर्यंत नेले. वरून चालणाऱ्याला पाण्याचा पत्ता नाही. ठरावीक अंतरावर वरून खाली खोदलेली विवरे आहेत, तिथेच पाणी हाताला लागायचे. वायफायचेही तसेच. नेट घराबाहेरून तारेने येते, राऊटर हे त्याचे तोंड. तोंड कुठे ठेवायचे, हे ज्याचे त्याने शहाणपणाने ठरवावे. घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर.

बिदर-कलबुर्गी गाडीत बसले की मला अजून नवे वाटते. हा सुमारे 110 किलोमीटरचा मार्ग वर्षानुवर्षे रखडला होता. 29 ऑक्टोबर 2017 रोजी बिदरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी हुमनाबादवरून बसने हाडे खिळखिळी करीत जायचे. बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा, पुढची बिदर. दोन राजधान्यांना जोडणारा रूळ पडायला एकविसावे शतक उजाडावे लागले! खानापूरला भालकी-उदगीरचा फाटा सुटतो, मग हुमनाबाद, दोन्ही बाजूंना तुरीची शेते, आणि कमलापूरच्या आधी मरगुत्तीचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा. बोगद्यात पुतणीच्या फोनची रेंज गेली. ती गाडीत बसल्यापासून फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर कॉलेजांच्या याद्या उतरवत होती. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा संदेश आला, आजचा डेटा संपला. "काकू, आता काय?" मी म्हटले, "स्टेशनवर वायफाय असते की."

असतेच. रेल्वेच्या रेलटेल कंपनीने 2016 साली मुंबई सेंट्रलपासून ही सोय सुरू केली आणि आज देशात सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ती आहे. कलबुर्गीला बाकावर बसून लॅपटॉप उघडला. यादीत 'रेलवायर' नाव दिसले, त्यावर टिचकी मारली. इथे आधी पासवर्ड लागत नाही. जोडणी होते, मग एक पान उघडते आणि मोबाईल नंबर विचारते. त्यावर येणारे आकडे भरले की दार उघडते. हा नंबर विचारण्यामागे कारण आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेल्याचे आढळले. घरमालकाचा काही संबंध नव्हता. पुढे 2009 साली दूरसंचार खात्याने सूचना काढल्या की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे.

मी सवयीने नंबर टाकला तो घरचा. ज्याचा फोन बिदरला आमच्या यांच्या सदऱ्याच्या खिशात! आकडे काही येईनात. फोन लावला तर म्हणतात, "कुणीतरी आकडे पाठवत होते. फसवणुकीचे असतील म्हणून मी पुसून टाकले." आता या शहाणपणाला काय म्हणावे? दूषण देता येईना, कारण अनोळखी आकडे कुणाला सांगू नका हे मीच त्यांना शिकवले होते. तेवढ्यात व्याही न्यायला आले आणि स्टेशन सुटले.

दुपारी कॉलेज पाहून झाले. प्रयोगशाळा पाहिली, मुलींचे वसतिगृह पाहिले. पुतणीच्या चेहऱ्यावरूनच कळले की पहिला क्रमांक ठरला. दिवेलागणीला घरी पोचलो. "बर्री, बर्री, कुंदर्री," विहीणबाईंनी हात धरून बसवले. माझी लेक आणि जावई बेंगळुरूला असतात, घरी हे दोघेच. जोळद रोट्टी, शेंगा चटणी, वर दही. लेकीच्या लग्नानंतर मी त्यांच्याकडे मुक्कामाला प्रथमच गेलेली. बीगरांच्या घरी पहिल्या मुक्कामात काही मागायचे म्हणजे जीव संकोचतो. पण घड्याळ पुढे सरकत होते. शेवटी ताट उचलता उचलता विचारले, "वायफायचा पासवर्ड मिळेल का?"

त्या हसल्या. "अदरागेन संकोच? मगाने हाकून गेलाय. सरस्वती. सगळी सण्ण अक्षरे. मग 1986." घर बांधले ते साल.

पुतणीने टाकले. 'पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा टाकले. पुन्हा तेच. मी म्हटले, पहिले अक्षर मोठे घालून बघ. तेही नाही. 'व'साठी डब्ल्यू की व्ही? दोन्ही करून झाले. विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटले आपण चुकीचे सांगितले, मला वाटले आपण त्यांना अडचणीत टाकले. जावयांना फोन लावला, तो लागेना. रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

इथे एक सांगायला हवे. पासवर्ड 'जवळपास बरोबर' असे काही नसते. राऊटर आणि लॅपटॉप पासवर्ड हवेतून एकमेकांना पाठवतच नाहीत. दोघे आपापल्या ठिकाणी त्या अक्षरांपासून गणिताने एक किल्ली बनवतात आणि दोन्ही किल्ल्या जुळतात का, ते ताडतात. एक अक्षर चुकले तर सगळी किल्लीच निराळी होते. कुठे चुकले, हे यंत्र सांगत नाही.

मग पुतणी उठली आणि बाहेर फाटकापाशी गेली. मला वाटले रडायला गेली. परत आली ती हसत. "काकू, पाटीवर बघा!" फाटकावर संगमरवरी पाटी. वर कन्नडमध्ये 'सरस्वती निलय' आणि खाली इंग्रजी अक्षरांत तेच. त्यात 'टी'नंतर एक 'एच'. तो 'एच' घातला आणि लॅपटॉप जोडला गेला.

आपल्या सीमाभागातल्या घराघरांत हा 'एच' आहे. मराठी माणूस इंग्रजीत लिहिताना 'थ' आणि 'ठ'साठी 'टीएच' राखून ठेवतो, म्हणून 'त'ला नुसता 'टी' लावतो. कन्नड माणूस 'ट'साठी 'टी' ठेवतो, म्हणून 'त'ला 'टीएच'. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी चोख. गंमत म्हणजे देवनागरीत आणि कन्नड लिपीत हा घोळ होतच नाही. दोन्हींत 'त' वेगळा, 'ट' वेगळा. आपली भांडणे इंग्रजी अक्षरांच्या दारात येऊन सुरू होतात.

पुतणीने हे इतक्या चटकन ओळखले, त्याला कारण होते. तिच्या स्वतःच्या नावातही एक 'त' आहे. शाळेच्या गुणपत्रिकेवर शिक्षकांनी कन्नड रीतीने 'एच' घालून लिहिले, आधार काढताना वडिलांनी मराठी रीतीने बिनएचचे. कागदपत्रांच्या पडताळणीआधी दोन्ही नावे जुळवून घेण्यात त्या घराचे तीन आठवडे गेले होते. वायफायचा पासवर्ड चुकला तर पुन्हा टाकता येतो. अर्जातले नाव जुळले नाही तर मुलीचे वर्ष पणाला लागते. कारण आपल्या भागातल्या मुलांना आता कलम 371 (जे) चा आधार आहे. 2012 सालच्या घटनादुरुस्तीने तो मिळाला आणि इथल्या जागा इथल्या मुलांसाठी राखीव झाल्या. पण त्यासाठीच्या प्रमाणपत्रावर नाव अक्षरन् अक्षर बरोबर हवे. आमच्या नणंदेचे घर उदगीरला. 1956 पर्यंत उदगीर आणि भालकी दोन्ही एकाच बिदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी-औराद इकडे राहिले. एकाच आजीची नातवंडे, पण एकाला हा हक्क आहे, दुसऱ्याला नाही. कागदावरची रेघ अशी घरातून जाते.

असो. लॅपटॉप जोडला गेला, पण अर्जाचे पान उघडेना! 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा. पुन्हा सगळ्यांचे चेहरे पडले. या वेळी व्याह्यांनी चष्मा पुसत कोपऱ्यातली तारीख दाखवली. लॅपटॉपच्या मते अजून 2019 साल चालू होते. कपाटात पडून त्याच्या आतल्या घड्याळाची बटणाएवढी बॅटरी संपली होती. सुरक्षित पानांना ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते. लॅपटॉपची तारीख चुकली की त्याला खरे प्रमाणपत्रही खोटे वाटते. तारीख-वेळ नीट केली आणि पान उघडले.

रात्री साडेदहाला पुतणीने यादी भरली, दोनदा वाचली आणि नोंदवली. विहीणबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तिच्या हातावर दिली. "सरस्वती आमच्या घराचे नाव, पण आज आली ती तुमच्या पोरीबरोबर," असे त्या म्हणाल्या, अर्धे कन्नडात, अर्धे मराठीत. पुढे तिला तेच कॉलेज मिळाले. आता ती शनिवार-रविवारी त्यांच्याच घरी जेवायला असते आणि त्यांच्या फोनच्या अडचणी सोडवते.

सकाळी अप्पा केरेकाठी फेरफटका मारताना मी विहीणबाईंना म्हटले, आपण दोघींनी एक करू या. बिदरला परत आल्यावर मी राऊटरशेजारी एक कागद चिकटवला. त्यावर नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरांत मोठ्याने लिहिला, खाली एकेक अक्षराचा उच्चार मराठीत आणि कन्नडात. त्यांनीही तसेच केले. कागद घराच्या आतल्या बाजूला आहे, रस्त्यावरून दिसत नाही. आणि हो, 1986 वाला तो पासवर्ड जावयांनी आता बदलला आहे, म्हणूनच इथे लिहिला.

दिवाळीत व्याही-विहीण आमच्याकडे बिदरला आले. पाणी प्यायले, खुशाली झाली. मग व्याह्यांनी फोन काढला, भिंतीवरचा कागद वाचला आणि काही न विचारता जोडून घेतला. फक्त बसायला त्यांना ओसरीतच जागा द्यावी लागली.