जळू, हिरुडिन आणि न सांगितलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझे एक जुने पेशंट, वय सत्तरच्या आसपास, तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, पायाच्या शिरा फुगल्यात. जळवा लावून घेऊ का?" बाहेर गर्दी होती. मी हसलो. "काका, कुठल्या जमान्यात आहात?" तेही हसले. विषय संपला असे मला वाटले.

तीन आठवड्यांनी पहाटे मुलगा त्यांना घेऊन आला. पायाला गुंडाळलेला टॉवेल रक्ताने भिजला होता. आदल्या दुपारी त्यांनी जळवा लावून घेतल्या होत्या. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे त्यांना वॉरफॅरिन चालू होते. पण तिथे गोळ्यांबद्दल विचारले तेव्हा त्यांनी फक्त बीपीची गोळी सांगितली.

असे का झाले? आपल्याला खरचटले की रक्तातले थ्रॉम्बिन नावाचे एन्झाइम धाग्यांचे जाळे तयार करते आणि रक्त गोठते. जळूला हे परवडत नाही. रक्त गोठले तर तिचे जेवण बंद. म्हणून तिच्या लाळेत हिरुडिन नावाचे प्रथिन असते. ते थ्रॉम्बिनला घट्ट पकडून निकामी करते. त्यामुळे जळू गळून पडल्यावरही जखम कित्येक तास झिरपत राहते. वॉरफॅरिन रक्त गोठवणारे घटक यकृतात कमी बनवते. म्हणजे काकांच्या शरीरात आधीच माल कमी, आणि होता तोही जखमेपाशी हिरुडिनने अडवला.

जळूच्या लाळेतला हा गुण जॉन हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये दाखवला. 1924 मध्ये जर्मनीतील गीसेन येथे गेऑर्ग हास यांनी माणसावर पहिले डायलिसिस केले, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून हिरुडिनच वापरले होते. पुढे हेपॅरिन आले आणि हिरुडिन मागे पडले. पण त्याच्याच धर्तीवर बनवलेले बायव्हॅलिरुडिन हे इंजेक्शन आज अँजिओप्लास्टीत वापरतात, विशेषतः ज्यांना हेपॅरिन चालत नाही त्यांच्यासाठी.

खुद्द जळूही हद्दपार झालेली नाही. तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर कधी कधी रक्त आत येते, पण बाहेर जायला शिरा पुरत नाहीत. बोट निळे पडते. तेव्हा प्लास्टिक सर्जन जळू लावून तुंबलेले रक्त काढतात. अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्ये यासाठी जळवांना मान्यता दिली. आपल्या सुश्रुतसंहितेत तर जळवांच्या बारा जाती दिल्या आहेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. म्हणजे माझे हसणे अज्ञानाचेच होते.

तुमच्यासाठी एवढेच सांगतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, रक्तस्रावाचा आजार असेल किंवा ॲनिमिया असेल, तर जळवा लावून घेऊ नका. जळूच्या आतड्यातल्या जंतूंमुळे जखमेत संसर्गही होऊ शकतो. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा. आणि जळवा लावता याव्यात म्हणून गोळी मनाने बंद करू नका. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

काका दोन दिवस ॲडमिट होते, बरे झाले. घरी जाताना मी विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसला होतात ना," ते म्हणाले.

त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला शेवटी विचारतो, "आणखी कुठले उपचार चालू आहेत का?" तुम्हीही न विचारता सांगत जा. डॉक्टर हसला तरी सांगा.