फोटो काढू का, मावशी?

फोटोग्राफीच्या बेसिक कोर्सला येणाऱ्या मंडळींचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिला, लडाखला जाऊन आलेले. दुसरा, लडाखला जाणार असलेले. आणि तिसरा, बोनसच्या पैशांत कॅमेरा घेतलेले, ज्यांना घरचे दर रविवारी विचारतात, ‘कपाटातल्या त्या डब्याचं पुढे काय झालं गं?’ मी तिसऱ्या प्रकारातली. राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये, आणि शनिवारचे चार तास हेच काय ते स्वतःच्या मालकीचे.

पहिले तीन शनिवार मस्त गेले. ॲपर्चर, शटर स्पीड, आयएसओ हे त्रिकूट समजायला मुंबईकराला फार वेळ लागत नाही. नळ किती सोडलाय ते ॲपर्चर, किती वेळ सोडलाय तो शटर स्पीड, आणि पाणी कमी असतानाही बादली भरलेली दाखवायची युक्ती म्हणजे आयएसओ. युक्तीची किंमत म्हणजे फोटोत दिसणारे दाणे. बस्स! वर्गातल्या फुलदाणीचे फोटो आम्ही असे काही काढले की फुलदाणीलाही लाज वाटावी.

चौथ्या शनिवारी सरांनी प्रॅक्टिकल असाइनमेंट दिली. दहा अनोळखी माणसांचे पोर्ट्रेट्स. ५० एमएमची लेन्स, झूम नाही. लांबून, चोरून काढायचे नाहीत, विचारून काढायचे. आणि प्रत्येकाचं नाव विचारून वहीत लिहायचं. मुदत तीन आठवडे. वर्गात एकदम शांतता. लडाखवाल्यांचे तर चेहरेच पडले, कारण पँगाँग तलावाला नाव विचारावं लागत नाही.

आता हिशेब बघा. माझ्या कॅमेऱ्यावर ५० एमएमने चेहरा आणि खांदे फ्रेममध्ये भरायचे, तर समोरच्यापासून साधारण सव्वा मीटरवर उभं राहावं लागतं. लोकलमध्ये आपण याहून जवळ उभे असतो, मान्य. पण लोकलमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही. सव्वा मीटरवरून एखाद्याच्या डोळ्यांत बघून ‘तुमचा फोटो काढू का?’ म्हणायचं, म्हणजे अप्रेझलमध्ये स्वतःहून पगारवाढ मागण्यापेक्षा अवघड.

ऑफिसच्या आधी जमण्यासारखी एकच जागा होती, दादरचं फूलमार्केट. जानेवारीत मुंबईत सूर्य सातच्या पुढे उगवतो, आणि मी सहाला तिथे. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, डोक्यावर भारे घेऊन ‘बाजू, बाजू’ करत धावणारी माणसं आणि मध्ये कॅमेरा पोटाशी धरून उभी असलेली मी. पहिल्या दिवशी एकाही माणसाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाला विचारलं, तो म्हणाला, ‘फोटो नंतर, आधी फुलं किती किलो?’ पाव किलो झेंडू घेऊन ऑफिसला गेले. बॉसने विचारलं, आज काय पूजा?

घरी हे ऐकून आई म्हणाली, ‘रिकाम्या हाताने कुणाकडे काही मागू नये.’ संक्रांतीचा आठवडा होता. तिने पर्समध्ये तिळगुळाची पुडी कोंबली. आणि खरं सांगते, अख्ख्या कोर्समध्ये एवढी कामाची ॲक्सेसरी मला दुसरी मिळाली नाही. तिळगुळाला नाही कोण म्हणणार? हातावर वडी ठेवली की माणूस हसतो, कुठून आलीस विचारतो आणि मग फोटोचं बोलता येतं.

माणसं तयार झाली, तर प्रकाश रुसला. अंधारात नळ पूर्ण सोडायचा म्हणून ॲपर्चर एफ १.८ वर ठेवलं, तर सव्वा मीटरवर जेमतेम चार सेंटीमीटर खोलीच शार्प येते. डोळे स्वच्छ आणि कान धूसर. समोरचा काका बोलता बोलता जरा पुढे झुकला की डोळेही गेले. एफ ४ वर जावं, तर प्रकाश जवळपास पाचपट कमी. शेवटी तोडगा निघाला: एफ २.८, शटर सव्वाशेवर म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग, आणि आयएसओ ३२००. दाणे येईनात का, माणूस हलता कामा नये!

दुसरी गंमत ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली सगळे चेहरे निळे. त्यात झेंडूच्या ढिगावरून उसळलेला केशरी रंग हनुवटीवर. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स पार गोंधळतो. उपाय साधा आहे, त्याच उजेडात पांढरा कोरा कागद धरून कॅमेऱ्याला ‘हे पांढरं’ असं शिकवायचं. पुढच्या वेळी माझ्या फाइलमधून ए-फोर कागद बाहेर आला तेव्हा एक हमाल म्हणाला, ‘अर्ज द्यायला आलात काय?’

अशी मजल दरमजल करत आठ झाले, नऊ झाले. दहाव्या म्हणून मनात एक आजी होत्या. फुटपाथच्या कडेला बसून शेवंतीच्या वेण्या करायच्या. चेहरा असा, की त्याच्यासाठी कोर्स करावा. तिळगूळ घेतला, चहा पाजला, पण फोटो म्हटल्यावर पदर तोंडावर. ‘फोटो नको बाई. फोटोत जागा दिसती. गाडी येती आन् माल उचलून नेती.’ पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झालाय, त्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, हे मला ठाऊक होतं. पण कायद्याचं कलम आजींच्या टोपलीत नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, ‘हाताचा काढ. हात कुनी वळखत न्हाई.’

तो फोटो काढला. दोरा, पिवळी फुलं आणि भेगा पडलेली बोटं. नऊ चेहरे आणि एक हातांची जोडी असा संच घेऊन शनिवारी वर्गात गेले.

सरांनी हातांचा फोटो बराच वेळ पाहिला आणि मग दोन गोष्टी सांगितल्या. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात एका मजूर आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो जगभर गेला, पण लँग यांनी तिचं नावच विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. त्या फोटोने तिला पैसा दिला नाही आणि आपला फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. दुसरी गोष्ट हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीची. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत तो फोटो काढला, १९८५ मध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. शरबत गुलाचा शोध लागला २००२ मध्ये, आणि तोवर स्वतःचा तो फोटो तिने पाहिलाच नव्हता!

‘तुझ्या आजींना निदान नाही म्हणता आलं,’ सर म्हणाले. ‘ते नाही बरोबर आहे. पण असाइनमेंट दहा चेहऱ्यांची आहे. दहावा शोध.’

मी वाद घालून पाहिला. काही उपयोग झाला नाही. सोमवारी मंथ-एंडचा गोंधळ, मार्केटला जायला वेळ नाही. सकाळी लिफ्टमध्ये शिरले, तर स्टुलावर नेहमीचे लिफ्टमन काका. आमच्या फोर्टच्या जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. चार वर्षं आम्ही रोज दोनदा भेटतो, तेही सव्वा मीटरहून कमी अंतरावर. संवाद काय, तर मान हलवणे. तिळगुळाची शेवटची वडी पुढे केली आणि विचारलं, ‘काका, नाव काय तुमचं?’

त्यांनी नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, ‘आणि मॅडम तुमचं? आम्ही आपसात तुम्हाला सातवा मजला म्हणतो.’

लिफ्टमध्ये डोक्यावर एकच दिवा, त्याने डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. म्हणून तळमजल्यावर दार उघडं ठेवून स्टूल दाराकडे वळवलं. बाजूने रस्त्यावरचा मऊ उजेड आला, डोळ्यांत त्याचा बारीकसा ठिपका चमकला. वर अडकलेले लोक बेल वाजवत होते. काका म्हणाले, ‘वाजवू दे, दोन मिनिटं.’ तिसऱ्या फ्रेमला फोटो मिळाला.

सगळ्यांना चार बाय सहाच्या प्रिंट्स नेऊन दिल्या. झेंडूवाले काका ‘मी एवढा म्हातारा?’ म्हणून रागावले आणि मग गावाला पाठवायला आणखी एक मागितली. आजींनी हातांचा फोटो उलटसुलट करून पाहिला, आणि दुमडून बटव्यात ठेवला. कुणाचंही नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण ती नावं त्यांनी मला सांगितलीत, तुम्हाला नाही. तुम्हाला हवी असतील तर तुम्हीच विचारा. कॅमेरा नसला तरी चालेल, तिळगूळ मात्र जवळ ठेवा.

हल्ली लिफ्टमन काका मला नावाने हाक मारतात, आणि मग मुद्दाम विचारतात, ‘कितवा मजला?’