व्हीनस अजून खेळतेय

2025 मध्ये वॉशिंग्टनच्या टेनिस स्पर्धेत व्हीनस विल्यम्स एक सामना जिंकली. तेव्हा वय 45, वर्षभराहून जास्त काळानं एकेरीत उतरलेली. समोर 23 वर्षांची पेटन स्टर्न्स. 6-3, 6-4. सर्व्हिस अजूनही सणसणीत!

तरी लोकांची कुरकुर चालूच. आता कशाला? वाइल्ड कार्ड एखाद्या नव्या पोरीला द्या की! मुद्दा अगदीच फोल नाही, मलाही थोडा पटतो. पण 2011 मध्ये तिला शोग्रेन्स या आजाराचं निदान झालं, तेव्हाही निकालात काढणारे होतेच. 2017 ला बाई विम्बल्डनच्या अंतिम फेरीत.

आठवं एकेरी ग्रँड स्लॅम? छे, ती आशा मीही धरत नाही. एखाददुसरी फेरी, बाकी पराभवच. हरायला तिची ना नसेल, तर आपल्या पोटात का दुखावं?

मार्टिना नवरातिलोव्हानं 2004 ला विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला, तोही 47व्या वर्षी. म्हणजे वॉशिंग्टनला जिंकली तेव्हा व्हीनसकडे अजून दोन वर्षं होती.