तिळाचें खळें

तळपायावर तीळ म्हणजे प्रवासयोग, असें आमच्या पारनेरच्या घरीं वडीलधारीं माणसें सांगत. आणि आम्ही मुलें एकमेकांचे तळवे तपासून काशीयात्रेचे बेत करीत असूं.

गेल्या दिवाळींत अभ्यंगाच्या वेळीं पुतणीच्या पाठीस तेल लावतांना वहिनींना तिच्या तिळाभोंवतीं चंद्राच्या खळ्यासारखें पांढरें कडें दिसलें. पुतणी सोळा वर्षांची. 'कोड' हा शब्द कोणीं उच्चारला नाहीं, पण सर्वांच्या मनांत तोच होता.

नगरच्या डॉक्टरांनीं भिंगानें पाहून धीर दिला. शरीराच्या रक्षक टी-पेशी तिळांतील रंगपेशींना मारूं लागल्या, कीं शेजारच्या रंगपेशीही त्या तडाख्यांत सांपडतात; तेंच हें कडें. कालांतरानें तीळ बहुधा विरून जातो व त्वचेचा रंगही परततो. तरुण वयांत हें सहसा निरुपद्रवी असतें.

परंतु हेंच युद्ध मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगांतही चालतें, हें ऐकून आम्ही चमकलों. टी-पेशी कर्कपेशीच्या पृष्ठावरील प्रथिनांचे तुकडे ओळखून तिच्या आवरणास छिद्रें पाडतात. मग काळा डाग कोठें करडा, कोठें पांढरा पडतो. क्वचित् साराच विरतो. मात्र तत्पूर्वींच कांहीं पेशी रसग्रंथींत जाऊन बसलेल्या असूं शकतात.

आम्हांस थोरल्या काकांची आठवण झाली. त्यांच्या टाचेवरील काळा डाग मध्येंच फिका पडला, तेव्हां 'बरा होतो आहे' म्हणून आम्ही निश्चिंत राहिलों. पुढें जांघेंत गाठ आली आणि वर्षाच्या आंत काका गेले. आपल्या लोकांत हा रोग बहुधा तळपायावर, तळहातावर वा नखाखालीं उद्भवतो, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

कर्कपेशी टी-पेशींचा लगाम ओढून त्यांना थोपवितात. तो लगाम सैल करण्याची युक्ति दाखविल्याबद्दल ॲलिसन व होंजो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा जातीचें पहिलें औषध अमेरिकेंत २०११ सालीं मेलॅनोमासाठींच मंजूर झालें. तीं फार महाग असतात. परंतु परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टरांनीं डोकें व मान यांच्या कर्करोगांत नेहमीच्या दशांशाहूनही कमी मात्रा उपयोगी पडते, असें प्रयोगानें दाखविलें.

तळपायाच्या तिळास प्रवासयोग असतो, हें आमच्या काकांच्या बाबतींत भलत्याच अर्थानें खरें ठरलें. आतां अभ्यंगाच्या दिवशीं आमच्या घरीं लहानथोर सर्वांचे तळवे पाहिले जातात. आणि डाग वाढला, बदलला किंवा फिका पडला, तरी तो डॉक्टरांस दाखविण्यास विलंब होत नाहीं.