कोळशाच्या रेघा

आजी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची तेव्हा प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली मारायची. कोंबडी दाणे टिपायला उठली की दुसरी एखादी येऊन त्याच पाटीत अंडं घालून जायची. मागून आलेलं ते अंडं मागंच राहणार. बाकीची फुटली की कोंबडी पिल्लं घेऊन निघते, एकट्यासाठी थांबत नाही. म्हणून बिनफुलीचं अंडं आजी संध्याकाळी उचलून घ्यायची. आणि माजघराच्या भिंतीवर, चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या पट्ट्याच्या खाली, रोज एक रेघ ओढायची. एकवीस रेघा झाल्या की हिशेब पुरा.

गडहिंग्लजजवळच्या आमच्या घरातली ती भिंत आता रंगवलेली आहे. एकविसावा दिवस मला आता फोन सांगतो. ज्या कंपनीच्या करारावर मी पिल्लं वाढवतो तिचा मेसेज येतो: पिल्लं कधी निघणार, ती कोणत्या वयाच्या कोंबड्यांच्या अंड्यांची, किती, गाडीचा नंबर काय. शेड पाच हजारांची, येतात एक्कावन्नशे, शंभरावर दोन जास्तीची धरून. अंडी कुठल्या मशीनमध्ये, कोणत्या तारखेला बसली याची नोंद त्या कंपनीच्या संगणकात आहे. आजीनं तेरा अंड्यांपुरतं जे केलं, ते आता लाखांच्या हिशेबात होतं.

आजीचा हिशेब अंडी जमवण्यापासून सुरू व्हायचा. रोजचं अंडं ती जोंधळ्याच्या गाडग्यात, पाण्याच्या रांजणाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवायची, निमुळतं टोक खाली करून. आठवड्यापेक्षा शिळं अंडं उबवायला घालायची नाही. पुढं एकदा कंपनीची हॅचरी, म्हणजे अंडी उबवायचा कारखाना, आतून बघायचा योग आला. आंघोळ करून, त्यांचे कपडे घालून आत गेलो, तर पहिलीच खोली थंड. ट्रेमध्ये हजारो अंडी, सगळ्यांचं निमुळतं टोक खाली, आणि आठवड्याच्या आत मशीनला लावायची म्हणून तारखांच्या चिठ्ठ्या. मी तिथल्या माणसाला आजीचं गाडगं सांगत किती वेळ उभा राहिलो. त्यानंही ते मन लावून ऐकलं.

ती कायम विषम अंडी ठेवायची, अकरा नाहीतर तेरा. "तेराच ठेव. जास्ती घातलीस तर कडंची गार पडत्यात," म्हणायची. पाटीत तुसावर अंडी, त्यांच्यात एक लोखंडी खिळा, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. सातव्या दिवशी दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेला एकेक अंडं धरून बघायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की परत पाटीत, नुसताच पिवळा उजेड दिसला की बाजूला. अठराव्या दिवशी परातीत कोमट पाणी घेऊन अंडी अलगद सोडायची. जिवंत अंडं पाण्यावर आपोआप डुलायचं, आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. मग ते पुसून, मिटल्या पापणीला लावून ऊब बघायची. पापणीइतकं खरं दुसरं काही सांगत नाही, असं तिचं म्हणणं.

विसाव्या रात्री ती अंडं कानाशी धरायला द्यायची. आत चोचीची टकटक आणि अगदी बारीक चिवचिव. वर बसलेली कोंबडी त्याला उत्तर द्यायची, घशातल्या घशात, एरवी कधी काढत नाही असा आवाज. पिल्लू जगात येण्याआधीच आईशी बोलतं, हे मी सहा-सात वर्षांचा असताना कानांनी ऐकलं आहे.

मशीनमध्ये ते उत्तर नाही. बाकी कोंबडी जे जे करते ते सगळं तिथं आहे. साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब आहे, हवेतला ओलावा आहे. कोंबडी चोचीनं अंडी उलटसुलट करते, तिथं दर तासाला सगळा ट्रे आपोआप कलतो. अठराव्या दिवशी अंडी उबवणीच्या सेटरमधून पिल्लं निघायच्या हॅचरमध्ये जातात, कारण शेवटच्या तीन दिवसांत हलवायचं नसतं. मोठ्या हॅचऱ्यांत त्याच वेळी अंड्यातच लसही टोचतात. शंभरातली ऐंशीच्या वर फुटतात. आजीची तेरातली नऊ-दहा निघायची आणि त्यातली चार घार, बोका आणि मानमोडी वाटून घ्यायचे. या यंत्रांमुळं जे जगलं, ते मला कमी लेखायचं नाही. पण हॅचरचं दार उघडलं तेव्हा आतून हजारो पिल्लांचा एकदम जो आवाज आला, त्यात माझे कान नकळत ते घशातलं उत्तर शोधत होते.

दोन्हींच्या मधला काळ माझ्या वडिलांचा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. १९८७ साली त्यांनी गोठ्याशेजारी तीनशे पक्ष्यांची शेड घातली. खाली भुईमुगाची टरफलं, वर कौलं, ऊब द्यायला बल्ब. पुण्याकडून पिल्लं यायची ती रातराणी एसटीनं. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, एकात शंभर, पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, म्हणून दोन-अडीच दिवस दाणापाण्याविना तग धरतं. निसर्गानं ही सोय दिली ती कोंबडीसाठी, उशिरा फुटणाऱ्या अंड्यांची वाट बघता यावी म्हणून. एवढा सगळा धंदा त्या सोयीवरच उभा आहे. अण्णा पहाटे स्टँडवर कंदील घेऊन उभे असायचे. एकदा थंडीत खोके बसच्या टपावर टाकले गेले होते. तीनशेतली चाळीस गारठून गेली. अण्णा दिवसभर जेवले नाहीत. त्यांनी मेलेली पिल्लं मोजून वहीत लिहिली. आजीला ते मोजणं बघवेना.

कारण तिचा एक नेम होता. पिल्लं तोंडानं मोजायची नाहीत. "भित्तीवर रेघा वढ, पर मोजून सांगू नगंस. दिष्ट लागती." डालग्याखालून पिल्लं बाहेर पडली की ती नजरेनंच मोजायची आणि एखादं कमी असलं तर काही न बोलता गवतात शोधायला जायची.

आताचा धंदा तोंडानं मोजण्याचाच आहे, आणि मोजणी फार लांबवर पोचते. आजी एकवीस दिवस पुढचं बघायची. आता आषाढातल्या गटारीला विकायची कोंबडी साठ दिवस आधी, म्हणजे वैशाखी अमावास्येच्या सुमाराला, अंड्याच्या रूपात मशीनमध्ये गेलेली असते: एकवीस दिवस उबवणीचे, चाळीसेक दिवस शेडमधले. श्रावणात मागणी पडते, म्हणून त्याचा विचार ज्येष्ठातच करून अंडी कमी बसवावी लागतात. त्याही मागं जा. ते अंडं देणारी कोंबडी पाच-सहा महिन्यांची झाल्यावर घालायला लागते, म्हणजे ती पिल्लू असतानाच कुणीतरी पुढच्या गटारीचा अंदाज केलेला असतो. आजीलाही हे उलटं मोजणं येत होतं. मृगात पिल्लं निघाली तर ओलीनं मरतील, म्हणून ती वैशाखात कोंबडी बसवायचीच नाही. दिवाळी सरून सुगी झाली, खळ्यावर सांडलेला दाणा असला, की मग.

अंदाज चुकला की काय होतं ते मी दोनदा पाहिलं. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आमच्यापासून ते गाव कितीतरी लांब, पण आठवड्यात इथला भाव बसला. मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो या अफवेनं तेच. बाजार एका दिवसात थांबतो, मशीनमधली अंडी थांबत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेली अंडी त्या दिवशीही फुटतात, आणि पिल्लं टाकायला शेड नसते. तेव्हा कितीतरी ठिकाणी पिल्लं आणि अंडी नष्ट करावी लागली. माझ्या शेडमधले मोठे पक्षी मी गावात वाटले. फुकट मिळालं तरी घ्यायला लोक घाबरत होते.

अमेरिकेत शेतीखातं दर आठवड्याला जाहीर करतं की ब्रॉयलरसाठी किती अंडी मशीनला लागली आणि किती पिल्लं शेडमध्ये पडली. साध्या शेतकऱ्यालाही सहा-सात आठवड्यांनी बाजारात किती माल येणार याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मला असा आकडा हवा आहे. माझ्या मोबाईलवर माझीच पिल्लं मोजलेली दिसतात. शेजारच्या तालुक्यात किती पडली ते मला भाव कोसळल्यावर कळतं. ही माहिती करारावर पिल्लं वाढवणाऱ्या माणसाच्या हातात असली पाहिजे, आणि हे मी मनापासून मागतो.

परवा पहाटे नवी बॅच आली. आदल्या दिवसापासून शेड गरम केली होती, तुसावर कागद अंथरला होता. पाणी भरलं, दाणा पसरला. प्लास्टिकचे क्रेट उतरले, मुलीनं आणि मी एकेक क्रेट हळूच उपडा केला. पिवळ्या लोंढ्यानं कागद भरून गेला आणि दाण्यावर चोची पडल्याचा तो पावसासारखा आवाज सुरू झाला. सुपरवायझरनं चार ठिकाणची पिल्लं उचलली आणि त्यांचे पाय गालाला लावून बघितले. पाय गार लागले तर शेडची ऊब कमी आहे असं समजायचं. त्याला हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी त्याला पापणीला लावायला सांगितलं. त्यानं लावून बघितलं, मान हलवली आणि दुसरं पिल्लू घेतलं.

मेलेली बाजूला काढून झाली. त्यानं ॲप उघडून विचारलं, किती टाकली? मी आकडा कागदावर लिहिला आणि कागद त्याच्या हातात दिला.